टॉवर फुल, तरी नेट गुल: घाटकोपरच्या गर्दीचं गणित

आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांना रोज पडत असेल. संध्याकाळी सातचं घाटकोपर स्टेशन. २०१४ पासून वर्सोव्याची मेट्रो इथे मध्य रेल्वेला येऊन मिळते. फोनवर टॉवर फुल, पण पेमेंटचं चक्र नुसतं फिरतंय. असं का?

कारण टॉवरच्या काड्या फक्त सिग्नलचा जोर सांगतात. तुमच्या पुढे रांग किती, हे त्या सांगत नाहीत.

समजा, एक तिकीट खिडकी मिनिटाला सरासरी १० जणांना तिकीट देते. माणसं मात्र कधीही येतात. मिनिटाला सरासरी ५ आले, तर रांग आणि तिकीट मिळून प्रत्येकाचे साधारण १२ सेकंद जातात. ८ आले, तर ३० सेकंद. ९ आले, तर एक मिनिट. आणि साडेनऊ आले, तर थेट दोन मिनिटं! गर्दी जेमतेम वाढली, वेळ दुप्पट झाला. खिडकी रिकामी गेलेले सेकंद साठवून ठेवता येत नाहीत ना! मग चार जण एकदम आले, की रांग लागतेच.

हे गणित आलं टेलिफोनमधून. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणितज्ञ एरलांग यांनी १९०९ मध्ये कॉल कधी येतील यावर संभाव्यतेचा, म्हणजे प्रोबॅबिलिटीचा, नियम लावून दाखवला. आज कॉलच्या जागी डेटाची पॅकेटं आहेत, रांग तीच.

घाटकोपरला तर माणसं एकेक करून येतच नाहीत. गाडी रिकामी होते आणि शेकडो फोन एकदम बाहेर निघतात. म्हणजे आपल्या हिशेबापेक्षा हाल जास्तच.

अशा वेळी आपण काय करतो? परत परत बटण दाबतो, म्हणजे भरलेल्या रांगेत आणखी माणसं घुसवतो. फोनमधला टीसीपी नावाचा नियम आपल्यापेक्षा शहाणा आहे. उत्तर आलं नाही, तर तो थांबतो, आणि दर वेळी थांबायचा वेळ दुप्पट करतो.

म्हणून मी सांगेन, पेमेंट अडकलं तर आधी पैसे कापले गेलेत का ते बघा, मगच पुन्हा पाठवा. नाहीतर दोनदा जातील. आणि हो, पुढचा एपिसोड घरूनच डाउनलोड करून निघा!