निर्णय सुगीत करा, ओढगस्तीत नव्हे



बियाणे, खते, कीड-रोग यांवर आम्ही कृषी खात्याची माणसे तुमच्याशी पुष्कळ बोलतो. पण हे सारे ज्या डोक्याने ठरवायचे, त्या डोक्याविषयी मात्र कधी बोलत नाही. आज त्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

२०१४ सालची गोष्ट. मे महिन्यात एका गावी सभा घेतली. सोयाबीनचे घरचे बियाणे कसे तपासावे, पुरेसा पाऊस झाल्याशिवाय तिफण का काढू नये, हे सगळे समजावून सांगितले. पुढच्याच रांगेत एक शेतकरी बसले होते. त्यांना आपण तात्या म्हणू. माणूस हुशार. आदल्या वर्षी त्यांनी स्वतः ओल्या गोणपाटात शंभर दाणे घालून उगवण पाहिली होती आणि गावाला दाखवलीही होती.

जूनमध्ये एक सर आली. त्या सरीवर तात्यांनी पेरले, तेही उधारीवर आणलेल्या पिशवीतले बियाणे. त्यानंतर पावसाने डोळे वटारले. बियाणे जमिनीत करपून गेले. मी बांधावर गेलो आणि चार माणसांत बोललो, "तात्या, निदान तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. सांगून उपयोग काय?" तात्या खाली पाहत राहिले. एक शब्द बोलले नाहीत.

निघताना काकूंनी मला दाराशी थांबवले. म्हणाल्या, "साहेब, तुमचं सगळं खरं. पण घरचं बियाणं एप्रिलातच विकलं. पोरीच्या कॉलेजची फी भरायची होती. सोसायटीची नोटीस आली होती. चार रात्री ह्यांच्या डोळ्याला डोळा नव्हता. आणि तुम्ही चार माणसांत बोललात."

मी वीस वर्षे नोकरी केली होती. पण त्या दिवशी घरी जाताना एकच प्रश्न मनात होता. ज्याला सगळे माहीत आहे, तोच माणूस नेमक्या वेळी चुकतो कसा?

तमिळनाडूतील ऊस आणि एक कोडे

या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मला पुढे एका अभ्यासात सापडले. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी तो केला आणि २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. अभ्यास कोणा परक्या देशातला नाही, तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांचा आहे.

उसाचे पैसे वर्षातून एकदा येतात, हे ऊसवाल्यांना सांगायला नको. तोडणीपूर्वी हात रिकामा, तोडणीनंतर खिशात पैसा. या अभ्यासकांनी त्याच शेतकऱ्यांना दोनदा गाठले, एकदा तोडणीपूर्वी आणि एकदा पैसे मिळाल्यावर. दोन्ही वेळा काही कोडी सोडवायला दिली. त्यातले एक तुम्हीही घरी करून पाहा. कागदावर '५५५' असे लिहिलेले असते. प्रश्न असा की, अंक किती आहेत? उत्तर 'तीन'. पण जिभेवर 'पाच' येते, आणि ते आवरावे लागते.

तोडणीपूर्वी त्याच माणसांना उत्तर द्यायला जास्त वेळ लागला आणि चुकाही जास्त झाल्या. पैसे आल्यावर तीच माणसे सरस ठरली. माणूस तोच, शिक्षण तेच, शेत तेच. तोडणीचा महिना प्रत्येकाचा वेगळा असल्यामुळे हा फरक हवामानाचा किंवा सणावाराचाही म्हणता येत नाही. फरक होता तो डोक्यावरच्या ओझ्याचा.

मोटार खराब नसते

एका डीपीवर दहा मोटारी एकदम चालू झाल्या की काय होते? मोटार घूं घूं करत बसते, पाणी उचलत नाही. म्हणून आपण मोटार भंगारात देतो काय? मोटार चांगली आहे, दाब कमी पडला आहे, हे आपल्याला कळते.

माणसाच्या डोक्याचेही तसेच आहे. सावकाराचा हप्ता, मुलीची फी, दवाखाना, पावसाची वाट या सगळ्या मोटारी एकाच डीपीवर चालू असतात. मग बियाण्याचा विचार करायला जो दाब लागतो, तो उरत नाही. अशा वेळी माणूस समोरची आग विझवतो आणि मागची विसरतो. आज पिशवी उधार मिळते ना, मग घ्या. आज सर आली ना, मग पेरा. बाहेरून पाहणारा म्हणतो, हा आळशी आहे, अडाणी आहे, ऐकत नाही. मीही तेच म्हटले होते.

काळजी मुळातच वाईट असे मात्र समजू नका. रात्रीच्या पाळीला वीज येणार ही काळजी असते म्हणून तर आपण वेळेवर उठतो. पायाखाली साप आला की छाती धडधडते, हातापायांत बळ येते. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून त्या क्षणी रक्तात रस सुटतात, त्यांचा तो परिणाम. साप गेला की शरीर पुन्हा शांत होते. पण कर्जाचा साप दोन मिनिटांत जात नाही. तो महिनोन् महिने उशाशी बसतो. मग झोप उडते, रक्तदाब वाढतो, माणूस चिडका होतो, आणि अशा शरीरानेच पुढचे निर्णय घ्यावे लागतात.

केनियातील खताची पिशवी

आता दुसरा अभ्यास. आफ्रिकेतील पश्चिम केनियात मका पिकवणारे लहान शेतकरी आहेत. खताने फायदा होतो हे त्यांना माहीत होते. पुढच्या हंगामात खत घालणार का, असे विचारले तर 'घालणार' म्हणत. पण प्रत्यक्ष खत घालायची वेळ येईपर्यंत पैसा संपलेला असे. आपल्याकडे यात नवे ते काय!

एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी एक साधी युक्ती केली. पीक निघाल्याबरोबर, हातात पैसा असतानाच, शेतकऱ्याकडे जाऊन म्हणायचे, पुढच्या हंगामाच्या खताचे पैसे आताच द्या, खत आम्ही विनाखर्च घरपोच करू. सवलत एवढीच. तरीही खत वापरणारे लक्षणीय वाढले. हंगामात खताची किंमत निम्मी केली असती तर जेवढा परिणाम झाला असता, जवळजवळ तेवढा परिणाम या लहानशा सवलतीने झाला. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. यातील डुफ्लो आणि क्रेमर यांना २०१९ साली अभिजित बॅनर्जी यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

दोन्ही अभ्यासांचा अर्थ एकत्र लावला तर एक गोष्ट स्पष्ट होते. निर्णयालाही वाफसा असतो. वाफसा नसताना रान नांगरले तर ढेकळे निघतात. तसेच ओढगस्तीत घेतलेल्या निर्णयाचे होते. निर्णयाचा वाफसा म्हणजे सुगी.

शेजाऱ्याची तिफण

पुढे तात्यांनी मला आणखी एक कबुली दिली. म्हणाले, "साहेब, शेजारी तिफण घेऊन निघाला, मग मला घरी बसवेना. वाटलं, आपणच मागं राहिलो तर?"

याला भित्रेपणा म्हणू नका, हा माणसाचा स्वभाव आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मका कसा पसरला याचा अभ्यास रायन आणि ग्रॉस या दोघांनी १९४३ साली प्रसिद्ध केला. दोन वस्त्यांतील २५९ शेतकऱ्यांना त्यांनी विचारले. या बियाण्याची पहिली बातमी पुष्कळांना विक्रेत्याकडून कळली होती, पण विश्वास बसला तो शेजाऱ्याचे पीक पाहून.

म्हणजे शेजारी चांगलेही शिकवतो आणि घाईही लावतो. म्हणून एकट्याने थांबणे अवघड असते. पण बांधाला बांध असलेली चार घरे आधी ठरवून थांबली, तर थांबणे सोपे होते. बचत गटात बायका हेच करतात. एकीचा हप्ता चुकू नये म्हणून बाकीच्या जणी पाठीशी उभ्या राहतात.

घरात काय करावे

एक, सुगीनंतर घराची बैठक घ्या. सोयाबीन विकले, दिवाळी झाली की एका संध्याकाळी नवरा-बायको, म्हातारी माणसे, कळती मुले यांनी एकत्र बसावे. कोणाचे किती देणे आहे ते सर्वांसमोर मांडावे. घरधन्याने एकट्याच्या उरावर ठेवलेले कर्ज दुप्पट जड होते.

दोन, बियाणे आणि पैसे तेव्हाच बाजूला काढा. शंभरापैकी सत्तर दाणे उगवत असतील तर सोयाबीनला एकरी ३० किलो बियाणे धरतात. तेवढी पोती निवडून, कोरड्या जागी, थप्पी न लावता ठेवा आणि त्यांचा ताबा घरच्या लक्ष्मीकडे द्या. खताला जमेल तेवढी रक्कम वेगळ्या खात्यावर टाका.

तीन, वहीत 'केव्हा' ते लिहा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवून दिले आहे की, नुसते 'करीन' म्हणण्यापेक्षा 'अमुक झाले की तमुक करीन' असे ठरवणारा माणूस ते जास्त वेळा पार पाडतो. म्हणून 'पाऊस झाल्यावर पेरू' असे लिहू नका. '७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि ओल खोल गेली, की पेरू' असे लिहा.

चार, एक रात्र आणि दोन माणसे. उधारीवर काही घ्यायचे, नवे कर्ज काढायचे, बैल किंवा जमीन विकायची, लग्नाचा खर्च ठरवायचा, तर एक रात्र मध्ये जाऊ द्या आणि दोन माणसांना विचारा. त्यातले एक घरातले असावे. 'आजच घ्या, उद्या मिळणार नाही' असे जो म्हणतो, त्याच्याकडून तर आज मुळीच घेऊ नका.

पाच, चार लोकांत बोल लावू नका. खचलेल्या माणसाला लाजवले की तो सुधारत नाही, लपवू लागतो. हे मी तुम्हाला सांगतो तसेच माझ्या खात्यातल्या तरुण सहकाऱ्यांनाही सांगतो.

कोणी म्हणेल, साहेब, आमच्या हातात सुगीतही काही उरत नाही, खळ्यावरूनच माल जातो. खरे आहे. वहीने भाव वाढत नाही, पाऊस पडत नाही आणि कर्जही फिटत नाही. पण बैठकीला पैसा लागत नाही. संकट तेवढेच राहिले तरी आपल्या चुकीने त्यात भर पडू नये, एवढे तरी त्यातून साधते.

काळजीचा आजार झाला तर

काही वेळा काळजी हद्द ओलांडते. दोन आठवडे झोप नाही, जेवणावर वासना नाही, माणूस कोणात मिसळत नाही, दारू वाढली, 'मी नसलो तर बरे होईल' अशी भाषा येऊ लागली, तर तो आजार समजावा. त्याला 'मन घट्ट कर' म्हणून भागत नाही. जवळ बसा आणि सरळ विचारा, "जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने ओझे हलके होते. त्याला एकटे सोडू नका.

सरकारची 'टेली-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनाशुल्क, मराठीतूनही बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारावर उपचार होतात. गावातली आशाताई वाट दाखवू शकते. औषधाने आणि बोलण्याने हा आजार बरा होतो.

आणि एक गोष्ट आजच करा. फवारणीची औषधे घराबाहेर कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. त्यानंतर दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. तो क्षण टळला की माणूस वाचतो, हाच त्याचा अर्थ.

तात्यांच्या घरी आता एक लाल वही आहे, खुंटीला दोरीने बांधलेली. आतील अक्षर काकूंचे आहे. नंतरच्या एका जूनमध्ये पहिली सर आली, तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर होतो. रस्त्याने एक-दोन तिफणी गेल्या. तात्या उठून दारापर्यंत गेले, आभाळाकडे पाहिले. आतून काकू म्हणाल्या, "वहीत काय लिहिलंय?" तात्या परत येऊन बसले. मला म्हणाले, "साहेब, चहा घ्या. अजून वेळ आहे."

त्यांच्यासमोर मी माझ्या बोलण्याची माफी मागितली होती. आज तुमच्यासमोर पुन्हा मागतो. यंदाच्या सुगीत तुमच्या घरीही अशी एक वही बांधा.