कोंबडीला रेनकोट नको!

मैत्रिणींनो, चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या चिपळूणच्या घरामागे चार नारळ नि एक फणस मावेल एवढं परसू आहे. शाळेत माझे तास दुपारचे, सकाळ मोकळी. म्हटलं, दहा कोंबड्या पाळू. मुलांना घरची अंडी मिळतील नि चार पैसे माझ्या स्वतःच्या डब्यात पडतील. सासूबाई आधी कुरकुरल्या, मग त्यांनीच माळ्यावरच्या जुन्या फळ्या काढून दिल्या.

मे महिना सुखरूप गेला. मृग लागला तशी माझी माया उतू गेली! तिरकी सर आत येईल म्हणून खुराड्याला चारी बाजूंनी ताडपत्री गच्च बांधली. आठवड्याभरात दार उघडलं की डोळे चुरचुरू लागले. मग एकेक कोंबडी पिसं फुगवून कोपऱ्यात बसू लागली, विष्ठेत रक्त दिसू लागलं. दहातल्या सहा गेल्या. धाकटी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अगं, देवानं तिला पिसं दिलीत. तिला रेनकोट नको, वारा हवा!"

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. ही रक्ती हगवण. तिचे जंतू विष्ठेतून पडतात आणि ऊब नि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत रोग लावायला तयार होतात. डोळ्यांना झोंबत होता तो ओल्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया. म्हणजे कोंबड्या पावसानं नव्हे, माझ्या ताडपत्रीनं गेल्या! उरलेल्या चार औषधानं वाचल्या.

मग खुराडं नव्यानं बांधलं. जमिनीपासून २ फूट उंच, लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन थेट आत येत नाही. भिंत खाली फूटभरच. वर सगळी जाळी. छपराच्या पागोळ्या मात्र ३ फूट बाहेर, त्यामुळे सर अडते नि वारा खेळतो. प्रत्येक कोंबडीला निदान २ चौरस फूट जागा हवीच. खाली ३-४ इंच भाताचं तूस घालावं नि रोज खालवर करावं. मूठभर दाबून पाहा: लाडू वळला तर ओल आहे, भुगा झाला तर ठीक. ओला भाग लगेच काढून कोरडं तूस घालावं. पाण्याचं भांडं विटेवर ठेवलं की सांडासांड कमी होते.

उन्हाळ्यातही मुद्दा वाऱ्याचाच. कोंबडीला घाम येत नाही. मुख्यतः चोच उघडून धापा टाकून ती अंग निववते. फार धापा टाकाव्या लागल्या की अंड्याचं कवच पातळ होतं. म्हणून दाणा सकाळी लवकर नि संध्याकाळी द्यावा, मातीच्या भांड्यातलं पाणी दुपारी बदलावं, बारीक कुटलेले शिंपले वेगळे ठेवावेत. नागपूर-अकोल्याच्या मैत्रिणींनी जाळीला ओली पोती जरूर लावावीत. आमच्या दमट हवेत मात्र त्यांनी गारवा येत नाही, ओल तेवढी वाढते.

आणखी एक. "आपल्याला नको ते कोंबडीला" ही आपली सवय! बुरशी आलेली पोळी किंवा मका तिलाही विषच. पावसाळ्यात दाणा पंधरवड्यापुरताच आणावा.

मानमोडीची लस चुकवू नका. पिलू आठवड्याचं होताना लासोटाचा थेंब, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बीची सुई. तारखा डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. लशीची कुपी शंभरेक पक्ष्यांची असते नि कालवल्यावर काही तासांतच संपवावी लागते. म्हणून आमच्या आळीतल्या पाचजणी एकाच दिवशी लस टोचून घेतो. लशीबरोबर चहाही होतो!

आज माझ्याकडे बारा कोंबड्या आहेत. डब्यातल्या पैशांतून श्रीमंती आली नाही, पण मुलांच्या वह्यांसाठी ह्यांच्यापुढे हात पसरावा लागत नाही. मृगापूर्वी छपराची डागडुजी मी स्वतः करते. आणि ती ताडपत्री? ती आता लाकडांवर असते.