कोमट नव्हे, जिवंत!

यॉर्कशरमधल्या मॅशम गावची ‘ओल्ड पिक्युलियर’ ही गडद एल (बिअरचाच एक प्रकार) पबमध्ये पहिल्यांदा चाखणाऱ्याचा चेहरा बहुधा पडतो. बिअर बर्फगार आणि फसफसणारी हवी, अशी आपली समजूत. ही तर कोमट आणि मिळमिळीत! पण दुसरा घोट जरा जिभेवर घोळवून पाहा. काकवी, मनुका, मग पिकल्या फळाचा वास आणि शेवटी हॉप्सचा कडवटपणा. मद्यार्क ५.६ टक्के, म्हणजे नेहमीच्या ‘बिटर’ एलपेक्षा चढाच.

गंमत आहे पिंपात. त्यात यीस्ट जिवंत असतं. उरलीसुरली साखर खाऊन ते कार्बन डायऑक्साइड सोडतं. बाहेरून वायू भरत नाहीत, म्हणून फेस बेताचा. फळांचा वास येतो तो फळांमुळे नव्हे, यीस्टनेच बनवलेल्या एस्टर या संयुगांमुळे. तळघरात तापमान ११ ते १३ अंश ठेवतात. याहून थंड केलं तर ही संयुगं पेल्यातून नीट उडतच नाहीत आणि जीभही बधिर होते. बर्फगार बिअरची चव का कळत नाही, ते यावरून समजावं!

गाळ बसवायला अनेक ठिकाणी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेलं कोलॅजन घालतात. त्याच्या धन विद्युतभाराकडे यीस्टचे ऋणभारित कण ओढले जातात आणि तळाशी बसतात. शाकाहाऱ्यांनी आधी विचारलेलं बरं.

हातपंपाने एल उपसली की तिच्या जागी हवा आत शिरते. म्हणून उघडलेलं पिंप साधारण तीन दिवसांत संपवावं लागतं. नंतर एल आंबते.