झाडीपट्टीतला घरचा डॉक्टर

गावातला जुना डॉक्टर गेला की आमच्याकडे बाजारपेठ अर्धा दिवस बंद राहते, चौकात फलक लागतो आणि सभेत एकामागून एक वक्ते त्यांना देवमाणूस ठरवून खाली बसतात. रात्री-अपरात्री उठून यायचे, गरिबाकडून पैसे घ्यायचे नाहीत, धान निघाल्यावर दे म्हणायचे. यातले काही खोटे नसते. पण त्या माणसाला नेमके येत काय होते, हे कुणीच सांगत नाही.

आमच्या झाडीपट्टीतला गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. त्याआधी हा सगळा मुलूख भंडाऱ्याचा. डॉक्टर व्हायचे तर नागपूर गाठावे लागे. तिथे १९१४ पासून रॉबर्टसन मेडिकल स्कूल होते. त्यातून एलएमपी, म्हणजे परवानाधारक डॉक्टर बाहेर पडत. पदवी नव्हती, पण हात तयार असे. आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात देशात एकाच प्रतीचा, पदवीधर डॉक्टर असावा, असे सुचवले. समितीतल्या सहा सदस्यांनी मात्र एलएमपी बंद करू नका, असे वेगळे मत नोंदवले. खेड्यांच्या बाजूने पाहिले तर त्या सहांचे म्हणणे मला आजही पटते. पुढे १९४७ मध्ये नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. तिथले पदवीधर बहुतेक शहरांत राहिले, आणि गावोगावचे दवाखाने बऱ्याच अंशी वैद्य आणि होमिओपॅथ यांनी सांभाळले.

गोंदिया हे रेल्वेचे जंक्शन, त्यामुळे रोगी बालाघाटहून येई तसाच डोंगरगडहूनही. झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी, हिंदी हे सगळे एकाच बाकावर. पोटात ‘कसेसेच’ होते म्हणजे काय होते, हे प्रत्येकाच्या बोलीत समजून घेणे हाच तपासणीचा पहिला अर्धा भाग होता.

दुसरा अर्धा भाग ऋतूचा आणि घराचा. रोवणीच्या दिवसांत जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला तरणा गडी पहाटे पोट दुखते म्हणून उठतो. अंगावर खूण नाही, सूज नाही. नवखा डॉक्टर पोटाची गोळी देऊन मोकळा होईल. मुरलेला डॉक्टर विचारतो, ‘खाली झोपला होतास का रे?’ आणि आधी पापण्या बघतो. पापण्या जड होऊ लागल्या असतील तर मण्यार. तिचे दात इतके बारीक की दंश बहुधा सापडत नाही, दुखतही फारसे नाही. विष मज्जातंतूंवर चालते आणि शेवटी श्वास थांबतो. त्या एका प्रश्नाने वेळ वाचतो आणि माणूस प्रतिविषापर्यंत पोचतो.

हत्तीरोगाचेही तसेच. त्याचे सूक्ष्म कृमी रक्तात रात्री सापडतात, म्हणून तपासणीही रात्रीची. पाय एकदा सुजला की तो रोज धुणे, कोरडा ठेवणे, बोटांच्या बेचक्यांतल्या जखमा जपणे हे घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगत राहणारा कुणीतरी लागतो.

आणि सिकलसेल. हातपाय सुजलेले, डोळे पिवळट, थंडीत सांधे ठणकणारे पोर समोर आले की घरच्या डॉक्टरला आठवते, याची आत्याही अशीच कण्हायची. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के. हे गणित मांडायला सोयरिकी ठाऊक असाव्या लागतात. देशाचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झाले, लक्ष्य २०४७ चे. तपासणीचे कार्ड वाटता येते, पण लग्न जमवायच्या आधी ते बाहेर काढा, हे त्या घरात बसून कोण सांगणार?

या डॉक्टरांचे दोषही होते. तापाला सुई, थकव्याला सलाईन ही सवय त्यांनीच लावली. लोक मागतात म्हणून दिली, ही सबब मला पुरेशी वाटत नाही.

विदर्भातल्या नावाजलेल्या डॉक्टरांनाही आपण असेच अर्धवट लक्षात ठेवतो. २०२० मध्ये करोनाच्या काळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलचे ८७ वर्षांचे होमिओपॅथ डॉ. रामचंद्र दांडेकर यांची बातमी झाली. ती बहुतेकांना त्यांच्या सायकलीने आणि अनवाणी पायांनी आठवते. मेळघाटातल्या बैरागडचे डॉ. रवींद्र कोल्हे म्हटले की एक-दोन रुपये फी. खरा ऐवज वेगळाच आहे. सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजूंनी त्यांना सांगितले होते की तिथे जायचे तर सोनोग्राफी आणि रक्ताविना बाळंतपण, एक्स-रेविना न्यूमोनियाचे निदान आणि अतिसाराचा उपचार आला पाहिजे. कोल्हे ते शिकले आणि मग गेले. पुढे तेवढेही अपुरे पडते हे कळल्यावर एमडी करायला परतले. डॉ. कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. सेवाग्रामच्या रुग्णालयाने तर हंगामात ज्वारी घेऊन गावांचा आरोग्यविमा चालवला. ‘धान निघाल्यावर दे’ या दिलदारीला तिथे हिशेबाचे रूप आले होते, आणि मला ते जास्त मोलाचे वाटते.

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून खेड्यातली काही कुटुंबे दत्तक घ्यायची असतात. म्हणजे घरचा डॉक्टर पाठ्यक्रमात परत आला आहे. फक्त ते काम ज्यांनी हयातभर केले, त्यांची विद्या या मुलांपर्यंत पोचायची सोय नाही.

ती सोय आपण करू शकतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, रात्री नाटके होतात. त्या दिवसांत आपल्या गावच्या म्हाताऱ्या डॉक्टरांपाशी, ते नसतील तर त्यांच्या कंपाउंडरपाशी बसा. किती पैसे सोडले ते विचारू नका. कुठल्या महिन्यात कुठला आजार यायचा, तो कशावरून ओळखायचे, कुठे चुकले, ते विचारा. रोग्यांची नावे गाळून ते लिहून काढा आणि महाविद्यालयाच्या कम्युनिटी मेडिसिन विभागाला नेऊन द्या.