ठोकलेले नाणे, ओतलेले नाणे

शेवगावपासून सातवाहनांची राजधानी पैठण तासाभराच्या वाटेवर. या पट्ट्यात नांगराच्या फाळाला जुने नाणे लागले तर नवल नाही. त्याच भरवशावर ‘खोदकामात सापडलेली मोहोर’ गळ्यात मारणारेही फिरतात.

शिवराईचेच घ्या. तांब्याची चकती दोन ठशांमध्ये धरून वरून घण घातला, की नाणे पडे. चकती बहुधा ठशाहून लहान, शिवाय घाव कधी सरकून बसे. म्हणून कुठे ‘श्री’ निसटतो, कुठे ‘शिव’ अर्धाच उमटतो. बाजारातली नक्कल पुष्कळदा साच्यात ओतलेली असते. भिंगातून पाहिले की हवेची बारीक छिद्रे, बोथट अक्षरे, कडेला सांध्याची रेघ किंवा ती लपवायला फिरवलेली कानस दिसते. दोन नाण्यांवर अक्षरे नेमकी त्याच जागी तुटलेली आणि ओरखडाही तोच असेल, तर त्यातले निदान एक साच्यातलेच.

सोन्याच्या होनाची परीक्षा पाण्यात. शिवरायांचा होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरतो. सराफी काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्य करा. होन दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. सोन्याची घनता १९.३, म्हणून शुद्ध सोने असल्यास काटा सुमारे ०.१४ ग्रॅम दाखवेल; मुलामा दिलेले पितळ ०.३२ च्या आसपास जाईल. सराफाचे कॅरेट मीटर वरचा थरच वाचते, जाड मुलामा त्याला चकवतो. पाणी मात्र आतला धातूही जोखते. नक्कलच खऱ्या सोन्याची असेल, तर पुन्हा भिंगाकडे यावे लागते.

सापडलेले नाणे चिंच लावून लख्ख घासतात, याचा मला फार खेद वाटतो. मातीत राहिलेल्या तांब्यावर आधी लालसर क्युप्राइट आणि त्यावर हिरवा मॅलॅकाइट चढतो. हे थर धातूतूनच तयार होतात, म्हणून घट्ट असतात. वरून दिलेला हिरवा रंग ॲसिटोनच्या बोळ्याला अनेकदा लागतो. घासताना हा पुरावाच धुऊन जातो.

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला चांदीची १३ हजारांहून अधिक नाणी सापडली. बहुतेकांवर क्षत्रप नहपानाच्या मुखवट्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. सातवाहनांनी क्षत्रपांवर मिळवलेला विजय तिथे भिंगाखाली वाचता येतो. ठेवा एकत्र राहिला म्हणूनच ही नाणी किती प्रमाणात पुन्हा ठोकली, हे कळले. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या १० रुपयांहून अधिक मोलाच्या अशा ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तोवर नाणी धुऊ नका, वाटू नका. जागा टिपून ठेवा.