चाकणची गाडी, ट्रॅक तमिळनाडूत

 चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यात 2016 साली ॲमिओ बनू लागली. चार मीटरच्या आत बसवलेली, खास भारतासाठीची, तशी सोज्वळ कौटुंबिक गाडी. पुढच्याच वर्षी तिची ‘ॲमिओ कप’ ही शर्यत-मालिका सुरू झाली. रस्त्यावरच्या पेट्रोल गाडीत तेव्हा 1.2 लिटरचं इंजिन. शर्यतीच्या गाडीत 1.8 लिटरचं टर्बो, ताकद सुमारे 205 अश्वशक्ती! सांगाडा ओळखीचा, पोटातलं सगळं वेगळं. सर्वांना सारखीच गाडी, त्यामुळे हरल्यावर इंजिनाला दोष देण्याची सोय नव्हती. काही फेऱ्या मात्र झाल्या तमिळनाडूत: कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईत, 3.7 किलोमीटरच्या ट्रॅकवर.