औषध प्रतिकारशक्ती दाबतं, तेव्हा लस काय करते?

18 ऑक्टोबर 2021 रोजी अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल कोविडच्या गुंतागुंतीने वारले. वय 84, लशीचे दोन्ही डोस झालेले. ‘मग लशीचा उपयोग काय?’ हा प्रश्न त्याच दिवशी सगळीकडे फिरू लागला. बातमीतला दुसरा तपशील मात्र मागे पडला. पॉवेल यांना मल्टिपल मायलोमा होता. हा कर्करोग प्लाझ्मा पेशींचा, आणि शरीरात प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, बनवतात त्याच पेशी. लशीला ज्यांच्याकडून काम करून घ्यायचं, नेमक्या त्याच आजारी होत्या.

मुळात ‘इम्युनिटी कमी आहे’ हे आपण फार सैलपणे म्हणतो. वर्षातून तीनदा सर्दी झाली की घरात काढा उकळायला लागतो. डॉक्टरांना अभिप्रेत असलेली मंडळी वेगळी आहेत: किडनी किंवा यकृताचं प्रत्यारोपण झालेले, रक्ताचा कर्करोग असलेले, केमो चालू असलेले, एचआयव्हीमुळे सीडी4 पेशी घटलेले, संधिवातासाठी रिटुक्सिमॅबसारखी औषधं घेणारे, प्रतिकारशक्तीत जन्मतःच दोष असलेली बाळं. स्टेरॉइडचं म्हणाल तर रोज 20 मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ पोटात गेलं, तर माणूस या यादीत येतो. दम्याचा पंप ओढणारा येत नाही.

‘अशा शरीरात लस चालतच नाही’

चालते, पण कमी. किती कमी, हे आजारावर आणि औषधांवर ठरतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2021 मध्ये प्रत्यारोपण झालेल्यांचं रक्त तपासलं. कोविडच्या एमआरएनए लशीच्या पहिल्या डोसनंतर फक्त 17 टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली, दुसऱ्यानंतर 54 टक्के लोकांत. निरोगी माणसांत हा आकडा जवळजवळ शंभरावर जातो. त्याच वर्षी फ्रान्समधल्या तुलूझच्या डॉक्टरांनी अशाच 101 रुग्णांना तिसरा डोस दिला, तेव्हा प्रमाण 40 वरून 68 टक्क्यांवर गेलं. म्हणजे पहिल्या डोसनंतर ‘लस फेल’ म्हणून निकाल लावला असता, तर पुढे ज्यांच्यात प्रतिपिंडं तयार झाली त्यांच्यावर अन्याय झाला असता.

नागिणीची शिंग्रिक्स ही लस भारतात 2023 मध्ये आली. पन्नाशीपुढच्या निरोगी लोकांवरच्या चाचणीत तिने सुमारे 97 टक्के संरक्षण दिलं. स्वतःच्याच मूलपेशींचं प्रत्यारोपण झालेल्यांत हेच प्रमाण 68 टक्के होतं. कागदावर ही घसरण मोठी दिसते. पण या दुसऱ्या गटात नागीण उठण्याचा धोकाच कितीतरी अधिक असतो, म्हणून 68 टक्क्यांतून शंभर माणसांमागे टळणारे आजार भरपूर निघतात. टक्केवारीला नाक मुरडणारे हा हिशेब सहसा करत नाहीत.

आणखी एक गोष्ट. प्रतिपिंडं म्हणजे सगळी प्रतिकारशक्ती नव्हे. रिटुक्सिमॅब बी पेशींचा सफाया करतं, त्यामुळे नवी प्रतिपिंडं फारशी बनत नाहीत. पण टी पेशी शाबूत असतात आणि लशीला प्रतिसाद देतात. संसर्ग अडला नाही तरी आजार गंभीर होऊ न देण्यात त्यांची मदत होते.

खरी मेख वेळेत आहे, आणि आपल्याकडे तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. रिटुक्सिमॅबनंतर बी पेशी परतायला सहा महिने किंवा अधिक लागतात. म्हणून त्या औषधाचा पुढचा डोस जवळ आल्यावर, पण तो घेण्याआधी लस घेणं शहाणपणाचं. प्लीहा काढायची शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर न्यूमोकोकल आणि मेनिन्गोकोकल लशी निदान दोन आठवडे आधी झालेल्या बऱ्या. किडनी प्रत्यारोपणाच्या रांगेत असलेल्याने राहिलेल्या लशी रांगेत असतानाच उरकाव्यात. नंतर प्रतिकारशक्ती दाबणारं मायकोफेनोलेट सुरू झालं की ते लिम्फोसाइट पेशींची वाढच रोखतं. संधिवातावरच्या मेथोट्रेक्सेट या औषधाबद्दल ब्रिटनमध्ये चाचणी झाली. कोविडच्या बूस्टरनंतर दोन आठवडे गोळी थांबवलेल्यांत प्रतिपिंडं सुमारे दुप्पट झाली. मात्र हे वाचून कोणी आपल्या मनाने गोळी बंद करू नये. सांधे पुन्हा भडकू शकतात, त्यामुळे तो निर्णय संधिवाताच्या डॉक्टरांनीच घ्यायचा.

‘कमजोर शरीरात लशीमुळेच रोग होईल’

ही भीती अर्धी खरी आहे, म्हणूनच ती चिवट आहे. काही लशींत जिवंत पण दुर्बल केलेले जंतू असतात: बीसीजी, तोंडावाटे दिले जाणारे पोलिओचे थेंब, रोटाव्हायरस, गोवर-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर. प्रतिकारशक्ती खूप दबलेली असेल तर हे दुर्बल जंतूही वाढू शकतात, म्हणून त्या टाळतात. बीसीजी तर जन्मतःच देतात, तेव्हा बाळात दोष आहे हे कोणाला कळलेलंही नसतं. आधीचं एखादं मूल तान्हेपणी वारंवार जंतुसंसर्ग होऊन दगावलं असेल, तर ते बीसीजीच्या आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

बाकीच्या लशींत वाढू शकणारं काही नसतं. फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोकोकल, हिपॅटायटिस बी, धनुर्वात, एचपीव्ही, शिंग्रिक्स यांनी तो रोग होत नाही, शरीर कितीही कमजोर असो. फ्लूच्या लशीमुळे बसवलेली किडनी शरीर नाकारतं, ही भीतीही अभ्यासांत खरी ठरलेली नाही. एचआयव्हीतही सरसकट बंदी नाही. मोठ्या माणसाच्या सीडी4 पेशी 200 च्या वर टिकून असतील तर गोवराची लस देता येते.

‘पेशंटने घेतली की झालं’

केमो चालू असलेल्या मुलाला गोवराची लस देता येत नाही. ते आजूबाजूच्यांच्या लशीवर जगतं. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ पसरली. लस चुकलेली मुलं तिच्या तावडीत सापडली. गोवराला अडवायला वस्तीतल्या सुमारे 95 टक्के लोकांत संरक्षण लागतं. म्हणून रुग्णाच्या घरातल्या प्रत्येकाने फ्लूची लस दरवर्षी घ्यावी, आणि भावंडांना गोवर व कांजिण्यांची लस जरूर द्यावी. त्यांच्यापासून रुग्णाला धोका जवळजवळ नसतो. कांजिण्यांच्या लशीनंतर पुरळ उठलंच, तर ते जाईपर्यंत त्या भावंडाला तेवढं रुग्णापासून लांब ठेवायचं.

अपवाद पोलिओच्या थेंबांचा. तो विषाणू विष्ठेतून बाहेर पडतो. घरात प्रतिकारशक्ती फार दबलेला रुग्ण असेल तर पल्स पोलिओच्या मोहिमेत दारावर आलेल्या ताईंना तसं सांगावं, आणि बाळासाठी इंजेक्शनवाली लस डॉक्टरांकडे विचारावी.

‘अँटिबॉडीची टेस्ट करून बघू’

कोविडच्या काळात हे वेड फार होतं. रिपोर्टवर चार आकडी संख्या आली की माणूस निर्धास्त. पण कोविडसाठी ‘इतक्याच्या वर सुरक्षित’ अशी सर्वमान्य रेषा नाही. हिपॅटायटिस बीला मात्र ती आहे: दर मिलिलिटरला 10 मिलि-युनिट. डायलिसिसच्या रुग्णांना या लशीचा डोसच दुप्पट, 20 ऐवजी 40 मायक्रोग्रॅम, आणि एरवीच्या तीनऐवजी बहुधा चार वेळा देतात. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांत रक्त तपासतात, मग दरवर्षी. आकडा 10 च्या खाली गेला की बूस्टर, आणि पहिल्या कोर्सला दादच मिळाली नसेल तर सगळा कोर्स पुन्हा. फाइलमध्ये हा रिपोर्ट नसेल तर पुढच्या डायलिसिसला मागून घ्यावा.